शाईला खोडरबर चालत नाही : एका अस्सल रेखाटनावरचा पाठ



आज चित्रकलेचा एक पाठ तुमच्यापुढे ठेवते आहे. मी कलाशिक्षिका नाही. सहावीची वर्गशिक्षिका आहे. आमच्या शाळेत चित्रकलेला वेगळे शिक्षक नाहीत, त्यामुळे तो तास माझ्याकडेच येतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं असंच असणार, म्हणून मुद्दाम लिहिते. या पाठाला लागतं काय, तर हातानं काढलेलं शाईचं एक मूळ चित्र, त्याची झेरॉक्स आणि प्रत्येक मुलाकडे एक पेन. बस्स.

चित्र कुठून आलं

माझ्या माहेरी एक छोटं रेखाटन आहे. पोस्टकार्डाच्या दुप्पट आकाराचं. विषय आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा, पंचगंगेचा घाट. उतरत्या पायऱ्या, एक लहानसं देऊळ, धुणं धुणारी एक बाई आणि पाण्यात बसलेली म्हैस. टाक शाईत बुडवून काढलेलं. काढणारे गृहस्थ वडिलांचे स्नेही. कोल्हापुरात त्यांची ओळख पेस्टलमधल्या निसर्गचित्रांसाठी. (घरच्यांना विचारलेलं नाही, म्हणून नाव देत नाही.) ते चहाला यायचे तेव्हा त्यांच्या बोटांच्या पेरांना कायम रंग लागलेला असायचा. एकदा त्यांनी हा कागद वडिलांना दिला. वडिलांनी तो जाड पुस्तकात जपून ठेवला. फ्रेम केली नाही, आणि आता वाटतं, तेच बरं झालं. काच नसल्यामुळे तो कागद मुलांना अगदी जवळून बघता आला.

मला पहिल्यापासून एक प्रश्न होता. ज्यांचा हात रंगात एवढा मुरलेला, त्यांना नुसती काळी शाई घ्यावीशी का वाटली असेल?

आधी पेस्टल समजून घेऊ

आपण मुलांना 'पेस्टल' म्हणून जी पेटी आणून देतो ती बहुतेक वेळा ऑइल पेस्टलची असते. ती तेलकट, मेणकट. जपानमध्ये साकुरा कंपनीनं १९२५ च्या सुमारास ती शाळकरी मुलांसाठी बाजारात आणली. चित्रकार ज्याला पेस्टल म्हणतात तो सहसा सुका पेस्टल. रंगाची पूड, त्यात खडूसारखी पांढरी माती आणि कांडी जेमतेम टिकेल एवढाच डिंक. हा रंग कागदात मुरत नाही, कागदाच्या खरखरीत अंगावर बसतो. म्हणून तो बोटानं पसरवता येतो, एकावर एक चढवता येतो, गडदावर फिकट लावता येतो. नाही आवडलं तर झटकून पुन्हा काम करता येतं. म्हणजे पेस्टल बऱ्यापैकी माफ करणारं माध्यम आहे.

शाईचं तसं नाही. टाक टेकला की ठिपका उमटला. रेघ ओढली की ओढली. शाई कागदाच्या धाग्यात शिरते. खोडायला गेलात तर कागदच खरवडून निघतो. पेस्टलवाल्याला शाई घेताना आपल्या सवयीची सगळी सोय बाजूला ठेवावी लागते. रंग नाही, पसरवणं नाही, झाकणं नाही. उरतं काय? डोळ्यांनी काय पाहिलं आणि हाताला किती ठाऊक आहे, एवढंच.

पॅरिसचा चित्रकार एदगार देगा पेस्टलसाठी जगभर प्रसिद्ध आहे. तरुणपणी, १८५५ मध्ये, तो आंग्र या ज्येष्ठ चित्रकाराला भेटला होता. आंग्रनी त्याला रेषा काढत राहण्याचा सल्ला दिला, अशी आठवण सांगितली जाते. पुढे देगानं एक वेगळीच रीत वापरली. धातूच्या पत्र्यावर छपाईची काळी शाई लावून, पुसून चित्र करायचं, त्याचा कागदावर ठसा घ्यायचा आणि त्या ठशावर पेस्टल चढवायचं. त्याच्या अनेक रंगीत चित्रांच्या पोटात असा काळा ठसा आहे. रंग वर, काळं-पांढरं खाली.

आपल्या कोल्हापुरात

यासाठी पॅरिसला जायची गरज नाही. आबालाल रहिमान हे आपल्या गावचे मोठे चित्रकार. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारी होते आणि १९३१ मध्ये वारले. त्यांचे वडील कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करायचे. म्हणजे या मुलानं रंगाच्या आधी घरात बोरू आणि शाई पाहिली. हस्तलिखितात अक्षर चुकलं तर काय, हा प्रश्न त्या घरात रोजचा असणार.

दुसरं नाव चंद्रकांत मांडरे. आजी-आजोबांना विचारा, ते 'छत्रपती शिवाजी' (१९५२), 'सांगत्ये ऐका' (१९५९), 'पवनाकाठचा धोंडी' (१९६६) या सिनेमांतले चंद्रकांत सांगतील. पण सिनेमातला हा नट मूळचा चित्रकार. बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली तयार झालेला. निसर्गचित्रं आणि पावडर शेडिंग ही त्यांची खासियत. पावडर शेडिंग म्हणजे काळी पूड कापसानं किंवा कापडाच्या बोळ्यानं कागदावर घासत छटा आणायच्या आणि उजेडाच्या जागा रबरानं मोकळ्या करायच्या. लक्षात घ्या, इथं रबर चूक पुसायला नाही, उजेड काढायला आहे! राजारामपुरीतलं 'निसर्ग' हे आपलं राहतं घर चित्रांसह त्यांनी महाराष्ट्र शासनाला दिलं. आज तिथं चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय आहे. तैलरंग, जलरंग, पेस्टल, पावडर शेडिंग अशी वेगवेगळ्या माध्यमांतली एकाच हाताची कामं एका घरात बघायला मिळतात. माध्यम बदललं की तोच हात कसा वेगळा चालतो, हे मुलांना दाखवायला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही. जाण्याआधी वेळेची चौकशी मात्र करा.

एका पालकांनी मला विचारलं, "मॅडम, फोटो मोबाइलवर मिळतात की. तिथं न्यायची काय गरज?" प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर मलाही नीट देता आलं नाही. ते उत्तर वर्गात सापडलं, तेच आता सांगते.

पहिली तासिका : आधी झेरॉक्स, मग मूळ

माहेरच्या त्या रेखाटनाच्या मी झेरॉक्स काढल्या. ३८ मुलं, ३८ प्रती. "काय काय दिसतंय ते पाच वाक्यांत लिहा," एवढंच सांगितलं. सगळ्यांनी लिहिलं. घाट आहे, देऊळ आहे, बाई धुणं धुते आहे, म्हैस आहे, पाणी आहे. पाच वाक्यं संपली, बघणंही संपलं. एका मुलाचं मात्र कागदाच्या कोपऱ्यावर खोडरबर चाललं होतं. "बाई, झेरॉक्सला घाण आलीया. काढतोय."

मग मूळ कागद बाहेर काढला. पारदर्शक फोल्डरमध्ये घालून खिडकीपाशी टेबलावर ठेवला. ऊन थेट पडणार नाही अशा बेतानं. पाच-पाच जणांनी यायचं, हात मागे बांधायचे आणि पाच प्रश्नांची उत्तरं शोधायची.

१. सगळ्या रेघा सारख्याच काळ्या आहेत का?
२. हात कुठं थांबला असेल?
३. कुठं काही चुकलंय का?
४. कुठं काहीच काढलेलं नाही?
५. शाईशिवाय कागदावर आणखी काय आहे?

आता मुलं टेबलापासून हलेनात. झेरॉक्समध्ये सगळं एकसारखं काळं होतं. मूळ चित्रात पायऱ्यांच्या रेघा सुरुवातीला ठसठशीत आणि पुढं पुढं फिकट होत गेलेल्या. एक मुलगी म्हणाली, "इथं शाई संपत आली, इथं परत बुडवली." तिनं तशा जागा मोजल्या. म्हशीच्या पाठीवर एक जाड ठिपका आहे. तिथं टाक टेकून राहिला होता. काढणारा त्या क्षणी वर बघत असेल, म्हशीकडे.

चौथ्या प्रश्नाला सगळ्यांचं एकच उत्तर आलं, पाणी! आख्खी नदी म्हणजे कोरा कागद. तीन आडव्या रेघा आणि म्हशीखालची थोडी सावली, बाकी काही नाही. तरी कुणालाही तिथं पाणी नाही असं वाटलं नव्हतं. पेस्टलमध्ये काम करणाऱ्याला कागदाचा रंगही वापरायची सवय असते. इथं त्यानं तेच केलंय. कोरी जागा हाच त्याचा रंग.

तिसऱ्या प्रश्नाला वेळ लागला. "एवढ्या मोठ्या माणसाचं चुकंल कसं?" असा सूर होता. मग एकाला दिसलं. देवळाच्या शिखराला डावीकडे दोन रेघा आहेत. पहिली जरा कललेली, दुसरी सरळ. पहिली लपवलेली नाही. नुसती बाजूला राहिली आहे, आणि तिच्या अलीकडे थोड्या तिरक्या रेघा मारल्यामुळे ती शिखराची सावली वाटते. मुलांचे चेहरे बघण्यासारखे झाले. "म्हंजे चुकलं तरी चालतं व्हय?"

थांबा, लगेच हो म्हणू नका. कारण पाचव्या प्रश्नाचं उत्तर अजून बाकी होतं. बारकाईनं पाहिल्यावर शाईखाली पेन्सिलच्या अगदी पुसट तीन रेघा दिसल्या. पाण्याची कड, देवळाचा उभा मध्य आणि पायऱ्यांचा उतार. म्हणजे चित्रकारानं आधी विचार केला होता. फक्त तीन रेघांएवढा. बाकी सगळं डोळ्यावर आणि हातावर सोडलं होतं. हे मुलांना सांगणं मला फार महत्त्वाचं वाटतं. 'न घाबरता काढा' म्हणजे 'न बघता काढा' असं नव्हे.

आणि शेवटची गंमत. उजव्या कोपऱ्यात खाली अंगठ्याचा पुसट नारिंगी ठसा आहे. पेस्टलचा! आधी रंगाचं काम चालू असणार, हात न धुताच टाक उचलला असणार. माझा झेरॉक्स खोडणारा पठ्ठ्या त्या ठशाकडे बघतच राहिला. त्यानं 'घाण' म्हणून जे घासून काढलं होतं, तो चित्रकाराचा अंगठा होता.

मोबाइलवर फोटो असताना मूळ चित्र कशाला बघायचं, याचं उत्तर मला तिथं मिळालं. फोटोत चित्र काय आहे ते कळतं. मूळ कागदावर ते कसं झालं तेही दिसतं. कुठं घाई, कुठं थांबणं, कुठं चूक, कुठं सावरणं. शिकायचं असतं ते या दुसऱ्या भागातून.

दुसरी तासिका : आपली आपली चप्पल

दुसऱ्या दिवशी बाकावर वर्तमानपत्र पसरून प्रत्येकानं आपल्या पायातली एक चप्पल किंवा बूट समोर ठेवला. नियम चार. पेन्सिलच्या जास्तीत जास्त तीन रेघा. बाकी सगळं पेननं. खोडरबर दप्तरात. रेघ चुकली तर गिरबटायची नाही, शेजारी बरोबर रेघ काढायची.

टाक, दौत मी एकाच टेबलावर ठेवली. ज्यांना हवं त्यांनी तिथं येऊन चार रेघा मारून बघायच्या. ३८ दौती म्हणजे ३८ गणवेश, हे अनुभवी शिक्षकांना सांगायला नको. बोरू मिळाला तर तोही दाखवा. टोक तिरकं कापायचं, मधोमध बारीक चीर द्यायची. फ्रान्समध्ये आर्ल गावी १८८८ मध्ये व्हिन्सेंट व्हॅन गॉगनं अशाच वेताच्या टाकानं सुंदर रेखाटनं केली. आपल्याकडे आजोबा-पणजोबांनी ज्यानं बाराखडी गिरवली, त्याच जातीच्या लेखणीनं!

सगळं छान छान झालं असं नाही. पहिली दहा मिनिटं पेन कागदावर टेकतच नव्हतं. "बाई, खोडरबर न्हाई तर चुकल्यावर काय करायचं वो?" हा प्रश्न चार बाजूंनी आला. तिघांनी नवीन कागद मागितला, मी दिला नाही. एकाची चप्पल होडीसारखी झाली आणि तो रुसला. पण एका मुलाच्या चपलेचा अंगठा खरोखरच तुटलेला होता आणि सेफ्टी पिन लावून अडकवलेला. त्यानं ती पिन इतकी अचूक काढली होती की मी बघत राहिले. पेन्सिल दिली असती तर ती पिन त्यानं खोडून टाकली असती, अशी मला खात्री आहे. चांगली चप्पल काढायची म्हणून.

माझी चूक

आता हा पाठ मी का घेतला, ते लिहिते. लिहायला अवघड जातंय.

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनात मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन लावलं होतं. पाहुणे येणार, पालक येणार. आदल्या संध्याकाळी चित्रं चिकटवताना मी सवयीनं पेन्सिल घेतली. कुणाच्या झाडाचं खोड सरळ केलं, कुणाच्या माणसाचे हात नीट केले. मदत म्हणून. एका मुलीच्या चित्रात बैल होता, पाय जरा वेडेवाकडे. मी ते खोडले आणि व्यवस्थित काढले. दुसऱ्या दिवशी ती आपल्या चित्रापाशी आईला घेऊन गेलीच नाही. मी विचारलं तर खाली बघत म्हणाली, "बाई, ते माझं न्हाई. तुमचं हाय."

खाली नाव तिचं होतं. बक्षीसही तिलाच मिळालं. त्यानंतर वर्षभर ती चित्रकलेच्या तासाला नुसत्या रांगोळीच्या ठिपक्यांच्या आकृत्या काढायची. फूटपट्टी लावून.

'अस्सल चित्र' म्हणजे काय, हे मला त्या मुलीनं शिकवलं. त्या माणसाचा हात जिथं आहे ते अस्सल. कललेलं शिखर खोडलं असतं तर घाटाचं ते चित्र जास्त बरोबर झालं असतं, पण मग ते त्या चित्रकाराचं कितपत राहिलं असतं? मी बैलाचे पाय सरळ केले आणि त्यातून तिलाच काढून टाकलं.

शाई आणि कागद जपायचा असेल तर

तुमच्या घरीही एखादं जुनं रेखाटन, आजोबांचं पत्र, जुनी वही असेल. चार गोष्टी लक्षात ठेवा. फाउंटन पेनची साधी शाई बहुधा रंगद्रव्य पाण्यात विरघळवून केलेली असते. ती उन्हात उडते, पाण्यात पसरते. काजळीसारख्या कार्बनची ड्रॉइंग इंक मात्र उन्हाला दाद देत नाही. जुन्या काळची लोहयुक्त शाई वर्षांनुवर्षांत तपकिरी होते. व्हॅन गॉगची कित्येक रेखाटनं आज तपकिरी दिसतात, ती काढली तेव्हा बरीच काळी होती. म्हणून कागद थेट उन्हात टांगू नका, लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. मोठ्या साध्या कागदाच्या घडीत, कोरड्या जागी, सपाट ठेवा. आणि मागच्या बाजूला पेन्सिलनं हळूच लिहून ठेवा, कुणी काढलं, कुणी दिलं, कधी. नाहीतर पुढच्या पिढीत तो कागद रद्दीत जातो.

पालकांसाठी थोडं

मूल घरी चित्र काढत असताना आपण शेजारी बसतो आणि म्हणतो, "अरे, घर असं असतं का? दे इकडं." या वेळी हात मागे बांधून बघा, माझ्या मुलांनी बांधले तसे. विचारायचंच असेल तर "हे कसं काढलंस?" असं विचारा. वही 'घाण' दिसली म्हणून पान फाडायला लावू नका. पुढं एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसायचं असेल तर सफाई लागतेच, आणि ती सरावानं येते. पण स्मरणचित्राच्या पेपरला कोऱ्या कागदासमोर जे मूल अर्धा तास नुसतं बसून राहतं, त्याला सफाई नव्हे, पहिली रेघ येत नसते. रोज दहा मिनिटं पेननं घरातली एक वस्तू काढू द्या. कळशी, विळी, सायकल, काहीही. तारीख घाला. महिन्यानं मागची पानं मुलालाच उलटून बघू द्या.

चपलांची चित्रं आता वर्गाच्या भिंतीवर लावली आहेत. सगळी ३८, होडीसारखी झालेलीसुद्धा. लावण्याआधी प्रत्येकाला विचारलं, लावू का? ती बैलवाली मुलगी आपला कागद छातीशी धरून उभी होती. म्हणाली, "आधी सांगा, हात लावणार न्हाई न्हवं?"

नाही म्हणाले. तिनं स्वतःच तो भिंतीला चिकटवला. जरा तिरका लागलाय. तसाच ठेवलाय.

तुमच्या वर्गात हा पाठ करून बघा. मूळ चित्र मिळालं नाही तर घरातलं हातानं लिहिलेलं जुनं पत्र घ्या, तेच पाच प्रश्न तिथंही चालतात. आणि मुलांनी काय काय शोधलं, ते जरूर कळवा.